शुक्राचे उचंत खाते

(द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा)

शुक्राची चांदणी ठाऊक नाही असा मनुष्य आपल्याकडे विरळाच. पंचांगात शुक्राचा अस्त लागला की लग्नांचे मुहूर्त थांबतात, आणि मुहूर्तांबरोबर मंडपवाले, आचारी व वाजंत्री यांचा धंदाही थांबतो, हे आम्हा कॉमर्सवाल्यांना कोणी सांगायला नको. अस्त म्हणजे शुक्र आकाशात सूर्याच्या इतका जवळ आलेला असतो की त्याच्या तेजात दिसेनासा होतो. एरवी ज्या महिन्यांत तो संध्याकाळी असतो, त्या महिन्यांत पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल, केरी यांपैकी कोणत्याही किनाऱ्यावर उभे राहावे. सूर्य समुद्रात बुडतो न बुडतो तोच पश्चिमेला सर्वांआधी उमटतो तो हा शुक्र.

माझ्या आजोळी कन्नड बोलतात. तिकडे पहाटेच्या शुक्राला ‘बेळ्ळि चुक्की’ म्हणतात. बेळ्ळि म्हणजे चांदी आणि चुक्की म्हणजे ठिपका. हे नाव ज्या कोणा खेडुताने ठेवले असेल त्याने दुर्बीण पाहिली नसेल, पण नाव मात्र शास्त्राला धरून आहे. शुक्रावर जितका सूर्यप्रकाश पडतो त्याच्या जवळजवळ तीन चतुर्थांश तो परत फेकतो, कारण त्याच्याभोवती ढगांचा अखंड थर आहे. हा थर कधी विरत नाही. आपल्याकडे जून-जुलैत आठ-आठ दिवस आभाळ भरून राहते तसे तिथे बारमाही. या चांदीच्या वर्खाखाली नेमके काय चालले आहे याचा हिशेब मांडण्यात एका मराठी आडनावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे पन्नास वर्षे घालवली आहेत. डॉ. संजय लिमये हे ते शास्त्रज्ञ. अमेरिकेत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अवकाश विज्ञान व अभियांत्रिकी केंद्रात त्यांचे संशोधन चालते. प्रस्तुत लेख त्यांच्या कामाविषयी आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने ग्रहांच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, हा सगळा विषय मला जमाखर्चाचाच वाटला. आमच्याकडे ‘तेरीज’ नावाचे एक प्रकरण असते. खतावणीतील सर्व खात्यांच्या बाक्या काढून जमा व नावे समोरासमोर मांडायच्या. दोन्ही बेरजा जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत, आणि कितीही शोधून कारण हाती लागले नाही, तर राहिलेला फरक ‘उचंत खाते’ या नावाखाली टाकून तात्पुरते पुढे जायचे. रक्कम आहे, पण तिचा धनी कोण ते कळलेले नाही, असा त्याचा अर्थ. शुक्राच्या वातावरणाची तेरीज मांडू लागले की असे उचंत खाते एका ठिकाणी नव्हे तर दोन ठिकाणी उघडावे लागते.

आधी साधा हिशेब पाहू. शुक्र सूर्याला आपल्यापेक्षा जवळ, म्हणून तो तापलेला, असे आपण सहज म्हणतो. पण आकडे घेऊन बसले की हे विधान डळमळते. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट इतकी सूर्याची ऊर्जा येते. शुक्राच्या अंतरावर सुमारे २६०० वॅट. ही झाली ढोबळ जमा. ग्रह गोल असल्यामुळे आणि निम्मा भाग नेहमी रात्रीत असल्यामुळे या रकमेला चाराने भागावे लागते. शिवाय जी ऊर्जा परावर्तित होते ती हाती लागतच नाही. पृथ्वी सुमारे ३० टक्के परत पाठवते, शुक्र सुमारे ७६ टक्के. म्हणजे निव्वळ जमा पृथ्वीची दर चौरस मीटरला सुमारे २३८ वॅट, तर शुक्राची सुमारे १५६ वॅट. शुक्राचे उत्पन्न पृथ्वीपेक्षा कमी आहे! आणि तरीही त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ४६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यावर शिसे वितळते.

याचे कारण खर्चाच्या बाजूला आहे. शुक्राच्या हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, आणि तळाशी हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट, म्हणजे आपल्या समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर जो लागेल तेवढा. पृष्ठभागावरून निघालेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर जाऊ पाहते. ती या दाट वायूत शोषली जाते, पुन्हा उत्सर्जित होते, काही खाली परत येते, काही थोडी वर सरकते. एकच नोट बाजारात शंभर हातांतून फिरावी तशी ती फिरत राहते. शेवटी वरच्या टोकाने जितके बाहेर पडते ते उत्पन्नाइतकेच असते, ताळेबंद जुळतो. पण आतली उलाढाल इतकी प्रचंड की तळाची भट्टी झालेली आहे. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात. पृथ्वीवर हाच परिणाम पुष्कळ सौम्य प्रमाणात चालतो, आणि आपण कोळसा व तेल जाळून तो वाढवीत आहोत, हे सर्वांना माहीत आहे. या भागात कोडे असे फारसे उरलेले नाही. खरे कोडे वेगाच्या खात्यात आहे.

शुक्र स्वतःभोवती फार सावकाश फिरतो, आणि तोही उलट दिशेने. एका परिवलनाला पृथ्वीचे २४३ दिवस लागतात. त्याचा विषुववृत्तीय परीघ साधारण ३८,००० किलोमीटर. भागाकार केला तर जमीन ताशी साडेसहा किलोमीटर वेगाने सरकते. पंढरीच्या वाटेवरचा धडधाकट वारकरी मनावर घेईल तर शुक्राच्या परिवलनाला मागे टाकील. अशा आळशी ग्रहावरची हवाही आळशीच असणार, असे शास्त्रज्ञांनी गृहीत धरले होते. पृष्ठभागाजवळ ती तशी आहेही. रशियाच्या व्हेनेरा यानांना तळाशी सेकंदाला जेमतेम एक मीटर किंवा त्याहून कमी वारा आढळला.

पण वरचे ढग वेगळेच काही सांगत होते. साध्या डोळ्यांना शुक्राचे ढग कोरे दिसतात. १९२७ साली फ्रँक रॉस यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून अतिनील किरणांत शुक्राची छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांत काळपट डाग व पट्टे दिसले. पुढे १९५७ साली शार्ल बॉयर या गृहस्थांनी असेच फोटो काढून पाहिले आणि त्यांच्या ध्यानात आले की तोच डाग चार दिवसांनी परत समोर येतो. हे बॉयर व्यवसायाने न्यायाधीश. आफ्रिकेत ब्राझाव्हिल येथे नोकरीला होते आणि आकाशदर्शन हा त्यांचा छंद होता. ज्याच्या जमिनीला एका फेरीला २४३ दिवस लागतात त्याचे ढग चार दिवसांत फेरी पुरी करतात, हे पुष्कळांना पटेना. १९७४ साली ५ फेब्रुवारीला मरिनर-१० हे अमेरिकन यान बुधाकडे जाता जाता शुक्राजवळून गेले. त्याने अतिनील किरणांत काढलेल्या छायाचित्रांनी न्यायाधीशमहाशयांचा निकाल कायम केला.

या मरिनरच्या छायाचित्रांपाशी लिमये यांची गोष्ट सुरू होते. मॅडिसनला तेव्हा व्हर्नर सुओमी नावाचे थोर हवामानशास्त्रज्ञ होते. कृत्रिम उपग्रहावरून हवामान पाहण्याच्या शास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. त्यांनी रॉबर्ट पॅरेंट यांच्यासह बनवलेला कॅमेरा डिसेंबर १९६६ मध्ये एटीएस-१ या उपग्रहावरून वर गेला. पृथ्वीच्या एकाच भागावर स्थिर राहून तो थोड्या थोड्या वेळाने तेच दृश्य टिपत असे. ढग कुठून कुठे गेला हे दोन चित्रांवरून मोजले की वारा कळला! आज भारतीय हवामान खाते इन्सॅट उपग्रहांच्या चित्रांवरून अरबी समुद्रावरचे वारे याच तत्त्वाने काढते. पावसाळ्यात आपण मोबाइलवर ढगांचे जे हलते चित्र पाहून उद्या पेडण्याला पाऊस किती याचे तर्क बांधतो, त्याच्या मुळाशी सुओमींची ही युक्ती आहे. सुओमींनी तीच शुक्राला लावायचे ठरवले, आणि त्यांच्या हाताखाली लिमये यांनी शुक्राच्या वातावरणाच्या अभिसरणावर १९७७ साली डॉक्टरेट मिळवली.

युक्ती ऐकायला सोपी, करायला चिकाटीची. दोन छायाचित्रे घ्यायची, समजा चार तासांच्या अंतराने घेतलेली. दोन्हींत तोच डाग ओळखायचा. मधल्या वेळात यानही हललेले असते, म्हणून आधी दोन्ही चित्रे एकाच नकाशावर बसवायची. मग डागाने कापलेले अंतर भागिले वेळ. असे एक नव्हे, हजारो डाग. ढगांच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे ७० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताजवळ वेग येतो सेकंदाला साधारण १०० मीटर. पडताळा आपणही घेऊ शकतो: सेकंदाला १०० मीटर म्हणजे दिवसाला ८,६४० किलोमीटर; त्या उंचीवरचा परीघ साधारण ३८,५०० किलोमीटर; भागाकार साडेचार दिवसांच्या जवळपास. बॉयर यांचे चार दिवस आणि हे साडेचार, फार दूर नाहीत. वाऱ्याचा हा वेग जमिनीच्या वेगाच्या पन्नास-साठ पट आहे.

मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे नोंदीचा संशय घेण्याची सवय. डाग सरकला म्हणजे वाराच सरकला असे दर वेळी नसते. हरवळ्याच्या धबधब्याखाली पावसाळ्यात ओढा कसा वाहतो ते डिचोलीच्या लोकांनी पाहिले असेल. पाण्यात बुडालेल्या दगडावर पाण्याचा एक उंचवटा कायम उभा असतो. त्यातले पाणी क्षणाक्षणाला बदलते, पण उंचवटा जागचा हलत नाही. त्या उंचवट्यावर नजर ठेवून कोणी ओढ्याचा वेग काढू लागला तर उत्तर शून्य येईल! शुक्रावर नेमके हेच घडले. डिसेंबर २०१५ मध्ये जपानच्या अकात्सुकी यानाने ढगांच्या माथ्यावर उत्तर-दक्षिण पसरलेली, धनुष्याच्या आकाराची एक खूण टिपली. लांबी जवळजवळ १०,००० किलोमीटर. भोवतालचे वारे सेकंदाला १०० मीटरने धावत असताना ही खूण जागच्या जागी उभी होती. तिच्याखाली, ढगांच्या पार तळाला, ॲफ्रोडाइटी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. डोंगरावर आपटलेल्या हवेची लाट थेट ७० किलोमीटर वर पोहोचली होती. म्हणजे नुसत्या डागांची यादी पुरत नाही. हा वारा की ही लाट, हे प्रत्येक प्रमाणक तपासूनच ठरवावे लागते.

अकात्सुकीची हकीकतही सांगण्यासारखी आहे. मे २०१० मध्ये निघालेले हे यान ७ डिसेंबर २०१० ला शुक्राच्या कक्षेत शिरणार होते, पण मुख्य इंजिन ऐन वेळी बंद पडले आणि ते शुक्राला ओलांडून सूर्याभोवती फिरत राहिले. जपानी तंत्रज्ञांनी पाच वर्षे वाट पाहिली आणि ७ डिसेंबर २०१५ ला, केवळ दिशा बदलण्यासाठी असलेल्या छोट्या इंजिनांच्या बळावर, त्याला कक्षेत बसवले. लिमये हे नासातर्फे या मोहिमेत सहभागी झालेल्या शास्त्रज्ञांपैकी एक. तोपर्यंत त्यांनी मरिनर-१०, १९७८ साली पोहोचलेले पायोनियर व्हीनस आणि २००६ साली पोहोचलेले युरोपचे व्हीनस एक्स्प्रेस या यानांची चित्रे अभ्यासली होती. एका ग्रहाच्या ढगांचा चार दशकांचा हिशेब एकाच माणसाच्या हाताखालून गेल्याची उदाहरणे थोडीच असतील.

या चित्रांतून निघालेली एक गोष्ट आपल्या किनारपट्टीला चटकन समजेल. सुओमी व लिमये यांनी १९७८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की, मरिनरची चित्रे नकाशावर अशी मांडली की आपण ध्रुवाच्या डोक्यावरून पाहतो आहोत, तर अख्ख्या गोलार्धाचे ढग ध्रुवाभोवती फिरणारा एकच प्रचंड भोवरा असल्यासारखे दिसतात. पुढे २००९ साली लिमये आणि सहकाऱ्यांनी या भोवऱ्याची पृथ्वीवरच्या चक्रीवादळांशी तुलना केली. शुक्राच्या दक्षिण ध्रुवावरील भोवऱ्याच्या मध्यात इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी आकृती दिसते. तशीच आकृती आपल्याकडील वादळांच्या डोळ्यातही कधी कधी दिसते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या पेडण्यात माड मोडून तारांवर पडले होते आणि काळोखात बसून आम्ही मेणबत्त्या मोजत होतो. तौक्तेचे जे गोल फिरते चित्र सर्वांनी पाहिले, त्याचा शुक्रावरचा भाऊबंद एक-दोन दिवसांचा पाहुणा नाही; तो वर्षानुवर्षे तिथेच आहे. मात्र सारखेपणा आकाराचा आणि गतीचा आहे. तौक्तेला बळ मिळाले ते तापलेल्या अरबी समुद्राच्या वाफेतून. शुक्रावर समुद्रच नाही.

तर मग त्या वाऱ्याला भांडवल पुरवतो कोण? हे पहिले उचंत खाते. हवेचे थर एकमेकांवर घासतात, तळाशी जमिनीला घासतात. घर्षणाने वेग रोज खर्ची पडतो. बाहेरून भर पडत नसती तर हे वारे केव्हाच मंदावले असते. २०२० साली ताकेशी होरिनोउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकात्सुकीच्या चित्रांवरून या खात्यातील मोठी रक्कम मार्गी लावली. शुक्राची दिवसाची बाजू तापते, रात्रीची निवते. या तापण्या-निवण्यातून वातावरणात ग्रहभर पसरलेल्या लाटा उठतात, आणि त्या लाटा विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या माथ्याला वेग पुरवतात. याउलट दुसऱ्या प्रकारच्या लाटा व खळबळ तिथला वेग कमी करतात. हे ढगांच्या माथ्यापुरते झाले. खाली, जिथे हवेचे बहुतेक वजन आहे, तिथला हिशेब अजून तितका स्वच्छ नाही.

लिमये यांनी वाऱ्याचे हेच मोजमाप गुरू आणि नेपच्यून यांवरही केले आहे. व्हॉयेजर-२ ने १९८९ साली घेतलेल्या चित्रांवरून त्यांनी व लॉरेन्स स्रोमोव्हस्की यांनी नेपच्यूनचे वारे मोजले. सूर्यापासून तीसपट दूर असल्याने त्या ग्रहाला आपल्या नऊशेव्या हिश्शाइतकाच प्रकाश मिळतो, आणि वारे मात्र ताशी दोन हजार किलोमीटरच्या घरात! जमा थोडी आणि झगमगाट फार, अशी घराणी ग्रहांतही असतात म्हणायची.

आता दुसरे उचंत खाते, आणि माझ्या मते अधिक चटकदार. ज्या काळ्या डागांचा माग काढून वारा मोजला, ते डाग कशाचे? शुक्राचे ढग सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांचे आहेत. पण शुद्ध आम्ल अतिनील किरणे अशी शोषत नाही. सल्फर डायऑक्साइड वायू अतिनीलचा एक भाग शोषतो. उरलेला भाग कोण शोषतो ते १९२७ पासून आजवर निश्चित झालेले नाही. हा किरकोळ फरक नव्हे. शुक्र जी सौरऊर्जा पदरात पाडून घेतो, तिच्यातील जवळजवळ निम्मी या अनोळखी पदार्थाने घेतलेली आहे. म्हणजे जमेची अर्धी बाजू बेनामी! शिवाय ती स्थिरही नाही. २००६ ते २०१७ या काळात शुक्राचा अतिनीलमधील उजळपणा जवळजवळ दुपटीने कमी-जास्त झाल्याचे आढळले.

उमेदवार पुष्कळ आहेत. कोणी गंधकाची संयुगे पुढे करतात, कोणी फेरिक क्लोराइड हे लोखंडाचे संयुग. १९६७ साली हॅरल्ड मोरोविट्झ आणि कार्ल सेगन यांनी तर शुक्राच्या ढगांत जीव असू शकतील अशी कल्पना मांडली होती. लिमये यांनी २०१८ साली ‘ॲस्ट्रोबायॉलॉजी’ या नियतकालिकात राकेश मोगल, अरिफ अन्सारी, पराग वैशंपायन, डेव्हिड स्मिथ आणि पोलंडचे ग्झेगोश स्वोविक यांच्यासह एक लेख लिहिला, आणि तिथे या दोन धाग्यांची गाठ घातली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पृथ्वीवरील काही जंतू ज्या प्रकारे प्रकाश शोषतात, त्याचे या काळ्या डागांच्या शोषणाशी साम्य आहे, काही जंतू तीव्र आम्लात राहून लोखंड व गंधक यांच्या संयुगांवर जगतात, ढगांच्या खालच्या भागातील तापमान व दाब त्यांना सोसण्यासारखा आहे. मग तळ्यावर शेवाळाचा थर धरावा तसे हे डाग सूक्ष्म जीवांचे असू शकतील का, हे तपासून पाहावे.

लोखंड खाऊन जगणे ही कल्पना डिचोलीच्या वाचकाला तितकीशी परकी वाटू नये. त्या तालुक्यात लोखंडाच्या खनिजावर किती घरे जगली ते वेगळे सांगायला नको. गमतीचा भाग सोडा. असे जंतू मुख्यतः गंधकयुक्त खनिजांच्या खाणींतील आम्लधर्मी पाण्यात सापडतात. आपल्याकडचे खनिज ऑक्साइड जातीचे आहे.

या तर्कावर सर्वांत जड आक्षेप आला तो पाण्याचा, आणि तो समजायला पेडण्यातील आगरवाड्याची मिठागरे पुरेशी आहेत. मीठ घालून मुरवलेली कैरी वर्षभर का टिकते? पाणी तिच्यात असते, पण मीठ ते पाणी धरून ठेवते. जंतूंच्या वाट्याला ते येत नाही. या ‘मोकळ्या’ पाण्याला शास्त्रज्ञ एक अंक देतात: निव्वळ पाण्याला १. मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्याला सुमारे ०.७५. आजवर माहीत असलेला कोणताही जीव ०.५८५ च्या खाली वाढलेला नाही. आणि शुक्राच्या ढगांचा अंक? २०२१ साली जॉन हॉल्सवर्थ यांच्या गटाने तो ०.००४ पेक्षाही कमी असल्याचे काढले. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्याला मिठापेक्षा कितीतरी घट्ट धरून ठेवते. आक्षेप असा की, ज्या बरणीत लोणच्याला बुरशी धरत नाही, तिच्याहून शंभरपट कोरड्या जागी जीव शोधायचा कशाला?

याच सुमारास, सप्टेंबर २०२० मध्ये, जेन ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी शुक्राच्या हवेत फॉस्फिन वायू सापडल्याचे जाहीर केले आणि जगभरच्या वृत्तपत्रांत ‘शुक्रावर जीवसृष्टी’ असे मथळे झळकले. पुढे आकडा खाली आला. ती खूण सल्फर डायऑक्साइडचीच असावी असेही काहींनी दाखवले. वाद अजून मिटलेला नाही. वृत्तपत्रांनी या प्रकरणात उचंत खात्यावरील रक्कम थेट नफ्यात दाखवली, असे माझे मत आहे. लिमये यांच्या लेखात तसे नाही. तिथे जीव सापडला असा दावा कुठेच नाही. डाग आहेत, मोजलेले आहेत, त्यांचा खुलासा झालेला नाही, आणि संभाव्य खुलाशांच्या यादीत जीव हा एक धरून तिथे जाऊन थेंब तपासा, एवढेच ते म्हणतात. माझा स्वतःचा कौल पाण्याच्या आक्षेपाकडे झुकतो. तरीही ०.००४ हा अंकसुद्धा दुरून मिळालेल्या माहितीवरून काढलेला आहे. थेंब हाती घेऊन नव्हे.

सध्या शुक्राभोवती एकही चालू स्थितीतील यान नाही. अकात्सुकीशी असलेला संपर्क एप्रिल २०२४ मध्ये तुटला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जपानने ती मोहीम संपल्याचे जाहीर केले. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्राभोवती फिरणारे यान पाठवण्यास मंजुरी दिली. एकूण तरतूद १,२३६ कोटी रुपये, त्यांपैकी ८२४ कोटी प्रत्यक्ष यानासाठी. प्रक्षेपणासाठी मार्च २०२८ हा महिना ठरवला आहे. त्यावरील उपकरणांत ढगांवर नजर ठेवणारा कॅमेराही आहे, तेव्हा लिमये यांनी ज्या वहीत पन्नास वर्षे नोंदी केल्या त्या वहीची पुढची पाने भारतीय यानाच्या चित्रांनी भरतील. पण हे यान कक्षेतून फिरणार. ढगात उतरणार नाही.

ढगात उतरून राहण्याचा प्रयोग मात्र एकदा झाला आहे. जून १९८५ मध्ये रशियाच्या व्हेगा-१ व व्हेगा-२ यांनी शुक्राच्या हवेत दोन फुगे सोडले. ते सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर तरंगत राहिले. तिथे दाब आपल्या निम्मा आणि तापमान ३० अंशांच्या आसपास, म्हणजे आम्लाचे धुके सोडले तर मांद्र्याच्या संध्याकाळसारखे. दोन्ही फुग्यांनी सुमारे ४६ तास संदेश पाठवले आणि तेवढ्या वेळात प्रत्येकाला वाऱ्याने अकरा हजार किलोमीटरच्या आसपास वाहून नेले. त्यांच्यावर दाब, तापमान आणि वारा मोजण्याची साधने होती. थेंबाची रासायनिक परीक्षा घेणारे साधन नव्हते. त्यानंतर शुक्राच्या ढगांत फुगा गेलेला नाही.